मापाची शीग

आमच्या बेळगावच्या घरी धान्य मोजण्याची एक पितळी पायली होती. शेजारची कोणी तांदूळ उसने मागायला आली, की पायली हातात घेण्यापूर्वी आजी एकच प्रश्न विचारी : "शिगेची देऊ की सपाट?" काठाच्या वर धान्याचा जो निमुळता ढीग राहतो ती शीग, तळहात फिरवून तो काठाबरोबर केला की माप सपाट. दोन्ही पायल्याच, पण दोहोंत मूठ-दोन मुठींचे अंतर. आजीचा आग्रह यांपैकी कोणत्याच रीतीसाठी नव्हता. शिगेची नेली तर शिगेची परत यावी, सपाट नेली तर सपाट, आणि नेताना कशी नेली होती ते दोघींच्याही लक्षात असावे, एवढेच तिचे म्हणणे. पुढे मी शाळेत मापनाचे धडे शिकलो, पोटासाठी तीस वर्षे मोजमापाच्या उपकरणांची पारख केली. परंतु या शास्त्राचा पहिला धडा आजीच्या त्या प्रश्नात होता, हे कळायला मला हेब्बाळमध्ये एका खेळाच्या यंत्रासमोर उभे राहावे लागले.

हेब्बाळ हे बंगळूरचे उत्तरेकडचे दार. विमानतळाचा रस्ता येथूनच जातो, त्यामुळे बहुतेकांना हे गाव उड्डाणपुलावरच्या खोळंब्यापुरतेच ठाऊक असते. पुलाच्या पायथ्याशी मोठे तळे आहे आणि वाहनांच्या गलक्याची फिकीर न करता पाणपक्षी तेथे आपला संसार करतात. आमची वसाहत तळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वसाहतीत थोडी मराठी कुटुंबे आहेत : कोणी बेळगाव-निपाणीकडची, कोणी पुण्याहून संगणकाच्या नोकरीसाठी आलेली. वर्षातून एकदा, गणेशोत्सवात, ही मंडळी एकत्र येतात आणि पाच दिवस पाककृती, रांगोळी, वक्तृत्व अशा स्पर्धा होतात.

गेल्या उत्सवात त्यांत एका नव्या स्पर्धेची भर पडली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना जुन्या यंत्रांचा छंद आहे. भंगारवाल्याकडून त्यांनी एक मोडकी आर्केड पेटी आणली, तिला रंधा मारला, जुनी काचेची पिक्चर ट्यूब बसवली आणि अमेरिकेतल्या मेव्हण्याकडून 'डाँकी काँग' या खेळाचा मूळ बोर्ड मागवून घेतला. निन्तेन्दो या जपानी कंपनीने १९८१ साली काढलेला हा खेळ. वरच्या मजल्यावरचा गोरिला पिंपे गडगडत सोडतो आणि खालचा छोटा माणूस त्यांवरून उड्या मारीत, शिड्या चढत आपल्या प्रियेकडे जातो. त्या माणसाचे नाव तेव्हा जम्पमॅन होते. मारिओ म्हणून तो पुढे जगभर प्रसिद्ध झाला. ही पेटी पाहून चौथ्या मजल्यावरच्या एका तरुण अभियंता मुलीने आठवड्याभरात दुसरी पेटी उभी केली. तिच्या पेटीत मूळ बोर्ड नव्हता. तळहाताएवढा संगणक, सपाट पडदा आणि 'मेम' नावाची आज्ञावली एवढ्यावर तिचे काम चालले होते. निकोला साल्मोरिया या इटालियन तरुणाने १९९७ मध्ये सुरू केलेली ही आज्ञावली जुन्या यंत्रांच्या चिपांचे वागणे नव्या संगणकावर जसेच्या तसे वठवण्याचा प्रयत्न करते.

यंत्रे दोन झाली, फळा मात्र एकच. पहिल्याच संध्याकाळी तंटा उभा राहिला. नव्या पेटीवरचा आकडा जुन्या पेटीवरच्या आकड्याच्या वर लिहावा का? छंदी गृहस्थ म्हणाले, "नक्कल ती नक्कल." मुलगी म्हणाली, "खेळ तोच आहे, पिंपेही तीच आहेत. माझ्या बोटांनी कमावलेले गुण नकली कसे?" दोघांचेही म्हणणे ऐकणाऱ्याला पटावे असे होते. मग सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. "काका, तुमचा जन्म मापे तपासण्यात गेला. नियम तुम्हीच करा." आणि माझ्या बायकोने, कौतुकाने, एक वाक्य जोडले : "अहो, हे तर बेळगावचे चॅम्पियन होते. ह्यांचं नाव फळ्यावर होतं."

मी हो म्हणालो. नियम करण्याला हो म्हणालो. चॅम्पियन असल्याबद्दल काहीच बोललो नाही.

कोणत्याही उपकरणाची पारख त्याचे झाकण उघडण्यापासून सुरू होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जुन्या पेटीचे मागचे दार काढले. बोर्डावर आठ इवलेसे पांढरे स्विच एका रांगेत बसवलेले असतात. खेळणाऱ्याला ते कधी दिसत नाहीत. ते मालकासाठी असतात. एका नाण्यात किती डाव द्यायचे ते त्यांवर ठरते. आरंभी खेळाडूला तीन लाइफ द्यायचे, की चार, पाच वा सहा, तेही तेथेच ठरते. किती गुणांवर एक लाइफ बक्षीस मिळावे, सात हजारांवर, दहा, पंधरा की वीस हजारांवर, हेही त्याच स्विचांच्या हाती. कारखान्यातून यंत्र निघते तेव्हा तीन लाइफ आणि सात हजार अशी मांडणी असते. पडद्यावर शेवटी उमटतो तो केवळ आकडा. तो तीन लाइफचा की सहाचा, हे त्या आकड्याकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही.

मी कागदावर पहिला नियम लिहिला : गुणांच्या शेजारी स्विचांची मांडणी लिहावी. लिहिले आणि पेन खाली ठेवले.

१९८६ चा पावसाळा. मी नववीत होतो. बसस्थानकाच्या वाटेवर एका जुन्या लॉजच्या तळमजल्यावर व्हिडिओ गेमचे पार्लर निघाले होते. चार यंत्रे, एक पंखा आणि रुपयाला एक डाव. वीज दिवसातून दोनदा तरी जाई, आणि या खेळाची खोड अशी की वीज गेली की त्याच्या स्मरणातला सर्वोच्च आकडाही जाई. म्हणून मालकाने गल्ल्यामागच्या भिंतीवर पाटी टांगली होती आणि प्रत्येक यंत्रावरचा वरचा आकडा खेळाडूच्या नावासह तो खडूने लिही. आमच्या गावात कीर्ती मिळवण्याचे माझ्या वयाला परवडणारे ते एकमेव ठिकाण होते.

त्या पाटीवर डाँकी काँगसमोर एका मुलाचे नाव बरेच दिवस होते. तो बसस्थानकाच्या कँटीनमध्ये कपबशा विसळीत असे. संध्याकाळी काम सुटले की ओले हात चड्डीला पुसत तो येई, एक रुपया काढी आणि एकच डाव खेळे. त्याचा आकडा होता ५२,३००. तो मी माझ्या डोळ्यांनी होताना पाहिला होता. त्याचे खेळणे पाहणे हाच एक आनंद होता. पिंप अगदी पायाशी येईपर्यंत तो थांबे आणि मग उडी मारी. जणू त्याला कशाचीच घाई नव्हती.

एका दुपारी पाऊस कोसळत होता आणि पार्लरमध्ये मी व यंत्रे दुरुस्त करणारा मेस्त्री असे दोघेच होतो. त्याने पेटी उघडून काही बदलले, झाकण न लावताच मला म्हणाला, "खेळ रे जरा, चालतंय का बघू." नाणे घालावे लागले नाही. पडद्याच्या कोपऱ्यात छोट्या माणसांची रांग नेहमीपेक्षा लांब दिसली. सहा लाइफ होते. मी खेळत गेलो. चुका झाल्या, पण चुका करायला मुभा होती. शेवटी आकडा थांबला तो ६८,४०० वर. तेवढ्यात मालक छत्री झटकीत आत आला, त्याने पडद्याकडे पाहिले, "अरे वा!" म्हणाला आणि पाटी पुसून माझे नाव लिहिले. मेस्त्री माझ्याकडे बघून हसला, स्विच पूर्ववत केले आणि झाकण लावले. मी खोटे बोललो नव्हतो. मला कोणी काही विचारलेच नव्हते.

संध्याकाळी तो मुलगा आला, पाटीपुढे उभा राहिला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "लई भारी की रे!" त्या दिवसापासून त्याचा एक रुपया दोन रुपये झाला, आणि कधी तीन. तो माझ्या आकड्याच्या मागे लागला होता. श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळी आली. एकदा त्याने मला विचारले, "तिसऱ्या पडद्यावरचे ते पाळणे तू कसे ओलांडतोस?" मी त्याला मनापासून शिकवले. कोणत्या पाळण्यावर थांबायचे, कोठून उडी घ्यायची, सारे सांगितले. जे सांगायला हवे होते ते तीन शब्दांचे वाक्य मात्र सांगितले नाही. सहा लाइफ होते. दिवाळीनंतर तो दिसेनासा झाला. गोव्याला हॉटेलात कामाला लागला, असे कोणी म्हणाले. माझे नाव पाटीवर राहिले. पुढे पार्लरच बंद झाले.

हे सारे हेब्बाळच्या त्या उघड्या पेटीसमोर मला आठवले. मी मनाची समजूत घालण्याचा एक जुना मार्गही चाचपून पाहिला : सहा लाइफचे ६८,४००, म्हणजे तीनाचे निम्मे. पण असा त्रैराशिकाचा हिशेब या खेळात चालत नाही. खेळ पुढे पुढे कठीण होत जातो. पहिल्या लाइफात मिळवलेले गुण आणि सहाव्या लाइफात मिळवलेले गुण एकाच जातीचे नसतात. शिवाय जास्त लाइफ असले की खेळाडू धीट होतो, नवी वाट आजमावतो. त्याचा हातच बदलतो. माप बदलले की मोजली जाणारी वस्तूही थोडी बदलते, हे माझ्या व्यवसायात मी कित्येकदा पाहिले होते.

आणखी एक गोष्ट त्याच वेळी लक्षात आली. या खेळाच्या मूळ जपानी आवृत्तीत चारही पडदे क्रमाने येतात : पिंपांचा, सरकत्या पट्ट्यांचा, पाळण्यांचा आणि खिळ्यांचा. अमेरिकन आवृत्तीत मात्र पहिल्या फेरीत पिंपांनंतर एकदम खिळ्यांचा पडदा येतो आणि बाकीचे पुढच्या फेऱ्यांत हळूहळू भेटतात. बेळगावात दुसऱ्याच पडद्यावर सरकत्या पट्ट्या येत, हे मला स्वच्छ आठवते. म्हणजे तो क्रम जपानी होता. यंत्र तरी निन्तेन्दोचेच होते का? त्या काळी या खेळाच्या नकला जगभर फिरत होत्या. फाल्कन या कंपनीची 'क्रेझी काँग' त्यांत प्रसिद्ध होती आणि ती वेगळ्याच हार्डवेअरवर चाले. आमचे यंत्र कोणते होते, हे त्या पाटीवर कोणी लिहून ठेवले नव्हते. पाटीवर नाव होते, आकडा होता. शीग की सपाट, एवढेच नव्हते.

मोठ्या जगातही हा प्रश्न मिटलेला नाही, हे नियमांच्या शोधात वाचताना कळले. अमेरिकेतील आयोवा राज्यात ऑटम्वा नावाचे एक लहान गाव आहे. तेथे वॉल्टर डे या गृहस्थाने १९८१ साली 'ट्विन गॅलॅक्सीज' नावाचे आर्केड उघडले, आणि पुढल्या वर्षापासून देशभरच्या उच्चांकांची नोंदवही ठेवायला सुरुवात केली. आमच्या मालकाच्या पाटीचीच ती थोरली बहीण. या वहीत मूळ यंत्रावरचे आकडे एका रकान्यात आणि 'मेम'वरचे दुसऱ्या रकान्यात लिहिले जाऊ लागले. 'द किंग ऑफ काँग' या २००७ च्या माहितीपटात स्टीव्ह वीबी हा शिक्षक आपल्या घराच्या गॅरेजमध्ये डाँकी काँग खेळताना दिसतो. त्याने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. पण यंत्रातील बोर्डाविषयी शंका निघाली आणि तो आकडा स्वीकारला गेला नाही. पुढे त्याच वहीत ज्याचे नाव सर्वांत ठळक होते त्या बिली मिचेलवर शंकेची पाळी आली. २०१८ च्या फेब्रुवारीत एका जाणकाराने आक्षेप घेतला, की मिचेलच्या दहा लाखांवरच्या डावांच्या चित्रफितींत एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना चित्र जसे उमटते, तसे मूळ यंत्रावर उमटत नाही. त्या वर्षीच्या १२ एप्रिलला ट्विन गॅलॅक्सीजने निर्णय दिला. फितींपैकी दोन डाव मूळ, न बदललेल्या बोर्डावरून थेट घेतलेले नाहीत असे ठरवून त्यांनी मिचेलचे सारे आकडे वहीतून काढून टाकले. मिचेलने आरोप कधीच मान्य केला नाही. गिनेसने २०२० मध्ये त्याचे विक्रम पुन्हा नोंदवले, आणि न्यायालयातील दावा २०२४ च्या जानेवारीत समेटाने मिटल्यावर ट्विन गॅलॅक्सीजनेही त्याचे आकडे आपल्या ऐतिहासिक दप्तरात परत ठेवले.

त्या वादात कोण खरे, याचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. मला त्यातले दुसरेच काही लागले. २०१८ पर्यंत इतर खेळाडू बारा लाखांच्या पुढे गेले होते. म्हणजे प्रश्न तो आकडा मानवी हाताला शक्य आहे का, असा नव्हताच. प्रश्न एवढाच होता, की तो कशावर केला असे सांगितले गेले, आणि तो कशावर केला गेला. शिगेची पायली नेणे हा काही गुन्हा नव्हे.

मग आम्ही दोन्ही पेट्या रीतसर तपासल्या. चौथ्या मजल्यावरच्या मुलीचा फोन सेकंदाला २४० चित्रे घेतो. बटण दाबणारे बोट आणि पडदा, दोन्ही एका चौकटीत घेऊन आम्ही बोट टेकल्यापासून उडी दिसेपर्यंतची चित्रे मोजली. जुन्या पेटीवर सरासरी आठ, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग. नव्या पेटीवर चोवीस, म्हणजे दहावा भाग. सपाट पडद्यातील चित्र खुलवण्याची सोय बंद केल्यावर ती पंधरापर्यंत उतरली, त्याखाली नाही. ज्या मुलीवर सवलत घेतल्याचा आरोप होता, ती प्रत्यक्षात उशिराचे ओझे घेऊन खेळत होती. उलट तिच्या पेटीवर डाव मध्येच थांबवता येतो, एखाद्या क्षणी जतन करून तेथूनच पुन्हा सुरू करता येतो, वेग कमी करता येतो. जुन्या पेटीवर यांतले काही शक्य नाही. एकीकडे ओझे, दुसरीकडे मुभा. दोन्ही एका तागडीत घालून वजाबाकी करता येत नाही. "काका, म्हणजे दोन फळे करायचे?" मुलीने विचारले. तिच्या आवाजात थोडी नाराजी होती. मी म्हणालो, "दोन फळे. पण एक वर आणि एक खाली नाही, शेजारी शेजारी."

दांड्याचाही प्रश्न निघाला. हा खेळ चार दिशांच्या जॉयस्टिकसाठी बांधलेला आहे. नव्या पेटीवर आठ दिशांचा दांडा होता. तो तिरका गेला की शिडी चुकते आणि दोष खेळाडूच्या माथी येतो. आम्ही दांड्याखाली चौकोनी पट्टी बसवून त्याला चार दिशांत बांधून घेतले. मग पहिल्या मजल्यावरचा एक बारा वर्षांचा मुलगा आईबरोबर आला. त्याचा उजवा हात जन्मतः अशक्त आहे. या खेळात दांडा डावीकडे आणि उडीचे बटण उजवीकडे असते. आईने दबकत विचारले, की बटण डावीकडे आणि दांडा मध्ये घेतला तर चालेल का. कोणीतरी पटकन म्हणाले, "मग सर्वांना सारखे कसे राहील?" मी थोडा वेळ थांबलो. बटण कोठे आहे यावर उडीचा वेग वा उंची अवलंबून नाही. एका दाबाला एकच उडी मिळते, ती तशीच राहणार. जागा बदलल्याने यंत्र बदलत नाही, फक्त माणूस यंत्रापर्यंत पोचतो. आम्ही जागा बदलायला परवानगी दिली आणि तीही नोंदीत लिहायची असे ठरवले. आपोआप दाबले जाणारे बटण मात्र नाकारले. तेथे माणसाच्या जागी यंत्र खेळू लागते.

यंत्राचे दोषही सुधारायचे नाहीत, असा एक नियम मी घातला. तो मुलांना विचित्र वाटला. या खेळाच्या बाविसाव्या फेरीत काळाचे गणित चुकते. फेरीच्या आकड्याला दहाने गुणून त्यात चाळीस मिळवायचे, अशी त्याची रीत. बाविसाव्या फेरीला उत्तर २६० येते. पण आठ बिटांच्या त्या खणात २५५ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. २५६ वगळले जाऊन उरतात फक्त चार, आणि पडदा पुरा होण्याआधीच जम्पमॅन मरतो. मोठमोठे खेळाडू याच भिंतीला जाऊन थबकतात, म्हणून तोवरच्या प्रत्येक पिंपाला मोल आहे. ही चूक दुरुस्त केली तर यंत्र अधिक शहाणे होईल, पण तो खेळ उरणार नाही.

एका आजोबांनी शंका काढली : "उद्या नियम बदलले, तर जुन्या आकड्यांचे काय?" मी त्यांना भाल्याची गोष्ट सांगितली. १९८४ साली पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर भाला फेकला. मैदाने अपुरी पडू लागली आणि भाला सपाट पडत असल्याने तो टोचला की नाही याचे वाद वाढले. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे नेण्यात आला आणि विक्रमांची यादी नव्याने सुरू झाली. होन खोटा ठरला नाही; त्याचे पान मिटले एवढेच. २०२५ च्या जुलैत आमच्याच शहरात, कांतीरवा मैदानावर, नीरज चोप्राने ८६.१८ मीटरची फेक करून स्पर्धा जिंकली, तेव्हा होनच्या आकड्याशी ताडून कोणी ती कमी लेखली नाही. भाला वेगळा आहे, हे सर्वांना माहीत असते. जे सर्वांना माहीत असते त्यात अन्याय नसतो.

त्याच दिवसांत एका सकाळी फिरताना मी हेब्बाळच्या वीरगळापाशी थांबलो. २०१८ मध्ये हा दगड पुन्हा उजेडात आला. गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातील, इसवी सन ७५० च्या सुमाराचा हा कन्नड लेख आहे, आणि त्यात हेब्बाळचे जुने नाव 'पेर्बोळल' असे येते. किट्टय्या नावाचा कोणी वीर गावाच्या रक्षणासाठी लढताना मेला, त्याचे हे स्मारक. मला कन्नड बोलता येते, पण ती जुनी लिपी वाचता येत नाही. जाणकारांनी लावलेला अर्थ तेवढा मी वाचला आहे. एक शूर माणूस मेला, एवढेच कोरून थांबता आले असते. पण कोणाचे राज्य, कोणता प्रदेश, कशासाठीची लढाई, हेही कोरणाऱ्याने कोरले, आणि म्हणूनच बाराशेहून अधिक वर्षांनी तो दगड साक्ष देऊ शकतो. पराक्रमाला त्याची परिस्थिती जोडलेली असली तरच तो टिकतो. बेळगावच्या पाटीवरचा माझा पराक्रम एका ओल्या फडक्याने पुसला जाण्याच्या लायकीचा होता.

उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी नियम वाचून दाखवायचे होते. सभागृहात दोन फळे शेजारी शेजारी लावले होते. दोन्हींवर रकाने आखले होते : नाव, गुण, यंत्र, आवृत्ती, लाइफ, बक्षीस-लाइफ कितीवर, बदल असल्यास तो, साक्षीदार. डाव सुरू होण्यापूर्वी स्विच सर्वांना दाखवायचे, डाव संपेपर्यंत पडदा आणि हात दोन्ही दिसतील असे चित्रण करायचे, मध्येच थांबायचे नाही, हे सारे मी वाचले. मग म्हणालो, की नियम करणाऱ्याने प्रथम आपली नोंद त्यांत बसवून दाखवावी. कोणी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, चॅम्पियन आता आपला आकडा लिहिणार.

मी बाजूला एक तिसरा, छोटा फळा मागवला होता. त्यावर वर लिहिले : बेळगाव, १९८६. खाली माझे नाव लिहिले, गुण ६८,४००. यंत्र : ठाऊक नाही, नक्कल असू शकेल. आवृत्ती : पडद्यांचा क्रम जपानी. लाइफ : सहा. बक्षीस-लाइफ : ठाऊक नाही. सहा लिहिताना खडू मोडला. साक्षीदाराच्या रकान्यात मेस्त्री असे लिहिणार होतो. पण तो आता कोठे आहे मला माहीत नाही, आणि जो येऊन सांगू शकत नाही त्याला साक्षीदार म्हणता येत नाही. तो रकाना मी रिकामा ठेवला.

त्याखाली दुसरी ओळ लिहिली. कँटीनमधला मुलगा, गुण ५२,३००. यंत्र तेच, आवृत्ती तीच. लाइफ : तीन. साक्षीदाराच्या रकान्यात माझे नाव लिहिले.

सभागृहात क्षणभर कोणी काही बोलले नाही. बायको माझ्याकडे पाहत होती. घरी गेल्यावर विचारायचे प्रश्न तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. मग पहिल्या मजल्यावरचा तो मुलगा पुढे येऊन फळ्यापाशी उभा राहिला, दोन्ही ओळी त्याने सावकाश वाचल्या आणि मला विचारले, "आजोबा, मग तुमच्यात जिंकलं कोण?"

"सारखं माप लावूनच पाहिलं नाही, बाळा," मी म्हणालो, "ते मी लावू दिलं नाही."

त्याला ते कितपत समजले, कोण जाणे. तो आपल्या पेटीकडे वळला. बटण डावीकडे घेतलेले होते. छंदी गृहस्थांनी मागचे दार उघडून स्विच सर्वांना दाखवले : तीन लाइफ, सात हजार. त्यांनी दार लावले. पडद्यावर पहिले पिंप गडगडत निघाले, आणि ते अगदी पायाशी येईपर्यंत तो मुलगा थांबला.